दोष गादीचा नव्हता

मी नर्स होते असं कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक बाही वर करून हात पुढं करतात. मग मला सांगावं लागतं, की बाबांनो, माझं काम तसलं नव्हतं. आजार बरा करणारे वेगळे. त्यांचे उपाय संपले की आमची जीप निघायची. पुढं डॉक्टर आणि ड्रायव्हर, मागं मी आणि औषधांची पेटी. कॅन्सर फार पुढं गेलेली माणसं घरीच असतात. त्यांच्या घरी जायचं आणि त्यांच्या वेदना कमी करायच्या, एवढंच आमच्या पथकाचं काम. मलाही सुरुवातीला ते ‘एवढंच’ वाटायचं.

या कामातली विद्या तशी थोडक्यात सांगता येते. गोळी घड्याळ बघून घ्यायची, कळ बघून नाही. आमचं मुख्य औषध मॉर्फीन. नाव ऐकलं की घरचे दचकतात. हे सुरू झालं म्हणजे माणूस संपला, नाहीतर त्याला नशेची सवय लागणार, असं त्यांच्या डोक्यात असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेताबेतानं वाढवत दिलं तर तसं काही होत नाही. माणूस उठून बसतो, दोन घास खातो, घरच्यांशी भांडतो. गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. तो उतरायच्या आत पुढची घेतली, की दुखणं डोकं वर काढत नाही. पण आपल्याकडं सोसण्याचं भारी कौतुक. जीव अगदी कासावीस झाला की मग गोळी घेणार, आणि गोळीनं काही होत नाही म्हणून आम्हालाच बोल लावणार. आणखी एक म्हणजे या औषधानं हटकून बद्धकोष्ठ होतं, म्हणून पोट साफ करणारं औषध जोडीला द्यावंच लागतं. माझ्या आयुष्यातली निम्मी संभाषणं त्या एका विषयावर झाली आहेत. ती दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला देत नाही.

दुखणं मोजायचं कसं, हे मला राहुरीकडच्या एका ऊसवाल्या आजोबांनी शिकवलं. आम्ही विचारतो, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, तर आत्ता किती? आजोबा म्हणाले, “त्ये आकडं मला कळत न्हाईत बाई. आनेवारीत सांगू का?” आणेवारी म्हणजे उभ्या पिकाचा सरकारी अंदाज, सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. मी म्हटलं, सांगा. आजोबांनी डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाले, “चार आनं हाय.” डॉक्टर खूश झाले. आम्ही निघालो तर आजी मागोमाग जीपपर्यंत आल्या.

“चार आनं सांगितलं व्हय? अवो, उशी चावीत हुते सकाळी. चौदा आनं धरा. तलाठी बांधावरनं आनेवारी लावतो, तुमीबी तशीच लावली.”

तेव्हापासून मी दोनदा विचारायला लागले, एकदा खाटेजवळ आणि एकदा जीपजवळ.

सुप्याकडं एका बाईनं माझ्यावर कडी केली. घर कारखान्याच्या भिंतीला लागून. नवऱ्याच्या गोळ्यांच्या वेळा पाळायला घड्याळ कशाला हवं, म्हणून तिनं त्या कारखान्याच्या भोंग्यावर बसवल्या. पाळी सुटली, गोळी. जेवणाची सुट्टी झाली, गोळी. इतकं छान चाललं की मी दुसऱ्या घरांत तिचं उदाहरण द्यायला लागले. फक्त आठवड्यातला एक दिवस तिचा नवरा तळमळायचा. ती म्हणाली, “त्या वाराचा नवस ऱ्हायलाय जुना.” मी बरंच डोकं खाजवलं, तेव्हा कुठं लक्षात आलं की त्या दिवशी कारखान्याला सुट्टी असते. भोंगाच नाही, तर गोळी कुठली? मी तिला मोबाईलमध्ये गजर लावून दिला. नवस मात्र त्यांनी फेडलाच. सिस्टरला देवानं वेळेवर बुद्धी दिली म्हणून.

असले किस्से मी हसत हसत सांगते. जुबेदाचं मात्र मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. ती माझी मैत्रीण. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात आमची जीप तिच्याही दारात थांबायला लागली.

नर्सिंग शिकायला अकोले तालुक्यातल्या डोंगरातून मी नगरला आले, तेव्हा जुन्या पेठेत एक खोली घेतली होती. खाली रफीकभाईंचं गाद्यांचं दुकान. पिढ्यान् पिढ्या कापूस पिंजून गाद्या भरणारं घर. जुबेदा नुकतीच लग्न होऊन तिथं आली होती, माझ्याच वयाची. मला शहराची भीती, तिला सासरची. दोघी जिन्यावर बसून रडायचो आणि रडू ओसरलं की त्याच रडण्यावर हसायचो. पुढं माझी खोली बदलली, लग्न झालं, पोरं झाली. तिची मुलगी मोठी होऊन पुण्याला सासरी गेली. तरी आठवड्यातून एकदा त्या जिन्यावर बसणं आम्ही सोडलं नाही. ती मला सुमे म्हणायची. सुमे म्हणणारं माणूस आता मला उरलेलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

तिच्या छातीतली गाठ काढली, नंतर काही वर्षं चांगली गेली. मग पाठ दुखायला लागली. तपासण्या झाल्या, तर आजार मणक्यात आणि कमरेच्या हाडात उतरलेला. मशीनवरचा किरणांचा शेक झाला, थोडा उतार पडला, पण पुरेसा नाही. मग डॉक्टरांनी मॉर्फीन लिहून दिलं. गोळ्या मीच नेऊन दिल्या, वेळा समजावल्या, आणि निर्धास्त झाले. जुबेदा समजूतदार बाई, तिला काय दोनदा सांगायचं?

इकडं रफीकभाईंचं वेगळंच सुरू होतं. हिची पाठ दुखते म्हणजे गादीत खोट आहे, असं त्यांनी धरून घेतलं होतं. त्यांनी गादी उसवली, कापूस पुन्हा पिंजला, पुन्हा भरला. आधी जाड करून पाहिली, मग पातळ. मग सावरीचा मऊ कापूस आणला. मग मधे सैल आणि कडेला घट्ट. दुकानातली गिऱ्हाइकांची कामं पडून राहिली आणि माणूस बायकोची गादी भरत बसला. मी गेले की मला खोळीवरून हात फिरवून दाखवायचे, “बघा ताई, आता फरक पडेल.” मी आपली बरं म्हणायचे. माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, करू दे, त्यात काय बिघडलं, असं मला वाटायचं.

एकदा दुपारी मी एकटीच वर गेले. डॉक्टर शेजारच्या गल्लीत दुसरा पेशंट बघत होते. रफीकभाईंनी नुकतीच आणखी एक गादी पसरली होती आणि जुबेदाला दोन्ही हातांनी उचलून तिच्यावर अलगद ठेवत होते.

“कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“मखमल,” जुबेदा म्हणाली. “आता बरं वाटतं.”

त्यांचा चेहरा उजळला. माझ्यासाठी चहा सांगायला ते लगबगीनं खाली गेले. मी खाटेजवळ बसले, तेव्हा चादरीच्या कडेखालून तिची मूठ दिसली. खाटेची पट्टी तिनं अशी आवळून धरली होती की बोटं पांढरी पडली होती. वरच्या ओठावर घाम होता.

“जुबे, गोळी कधी घेतलीस?”

मी उशीशेजारचा डबा उघडला. मी दिलेल्या गोळ्या जवळजवळ तशाच होत्या. माझा पारा चढला.

“हळू बोल,” ती म्हणाली, “खाली ऐकू जातं.”

“जाऊ दे ऐकू! का घेत नाहीस? भीती वाटते? मौलाना काही म्हणाले?”

“मौलाना काय म्हणतील? दवा आहे, घ्या म्हणाले.” तिनं श्वास घेतला. एवढं बोलायलाही तिला थांबावं लागत होतं. “सुमे, मी गोळी घेतली आणि दुखायचं थांबलं, तर यांना कळेल ना, की गादीनं काहीच होत नव्हतं.”

“मग कळू दे की!”

“मग हे काय करतील? सकाळी उठतात, कापूस घेऊन बसतात. भरतात, वर आणतात, मला उचलून ठेवतात. म्हणतात, आता तू बरी होशील. अगं, यांना दुसरं काय येतं? तेवढं पण काढून घेऊ? मग खाली बसून दिवसभर काय, मी जायची वाट बघतील?”

मी उठून खिडकीशी गेले. घराघरांत जाऊन मी लोकांना समजावलेलं आहे, चढ्या आवाजात, कधी हात जोडून. सोसण्यात काही मोठेपणा नाही, हे वाक्य मला झोपेतसुद्धा म्हणता येईल. आणि माझीच मैत्रीण नवऱ्याचं मन राखायला हाडातली कळ सोसत पडली होती. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिच्यावर इतकं प्रेमही त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

“तू यांना सांगायचं नाहीस,” ती म्हणाली. “माझ्या गळ्याची शपथ आहे.”

शपथ राहू दे, आमच्या कामाचा नियमही तोच. पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं त्याच्या परवानगीवाचून घरच्यांना सांगायचं नाही. मी तिच्या हातात गोळी ठेवली, तिनं ती डब्यात परत टाकली. मी पेटी उचलली आणि जिना उतरले.

खाली दुकानात पिंजायचं यंत्र बंद होतं. चहावाला पोऱ्या यायचा होता. रफीकभाई जमिनीवर बसून कापसातला कचरा हातानं वेचत होते, पुढच्या गादीसाठी. मला बसायला त्यांनी एक गठ्ठा सरकवला आणि मान वर न करता म्हणाले, “ताई, एक विचारू?”

“विचारा ना.”

“आमचं लग्न झाल्यापासून माझी एक गादी तिला पसंत पडलेली नाही. भरून झाली की तळहात फिरवणार आणि गुठळी शोधून काढणार. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी सोडायची नाही. म्हणायची, अजी, कापूस भरलाय की बटाटे? मला राग यायचा, पण गुठळी असायचीच, म्हणून गप उसवायचो.” त्यांनी वेचलेला कचरा बाजूला टाकला. “आता रोज म्हणते, मखमल. ताई, मला त्या मखमलची भीती वाटते.”

मी पेटी खाली ठेवली आणि त्या गठ्ठ्यावर बसले.

“दोष गादीचा नाही ना?”

सांगायचं नाही, अशी शपथ होती. मी सांगितलं काहीच नाही. नुसती ‘नाही’ म्हणून मान हलवली. एवढी पळवाट अल्लाही चालवून घेईल आणि आमचा खंडोबाही, असा मी तेव्हा विचार केला, आणि अजूनही माझं तेच मत आहे.

रफीकभाई कापूस वेचत राहिले. वेचता वेचता त्यांनी विचारलं, “मग मी काय करू?”

हा प्रश्न मला प्रत्येक घरात कुणी ना कुणी विचारलेला आहे. वेदना पेशंटला असते, पण हात रिकामे पडतात ते घरच्यांचे. त्यांना काम दिलं नाही तर ते चुकीचं काम शोधून काढतात, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. फक्त या घरात मी मैत्रीण म्हणून येत-जात राहिले आणि तेवढं बघायचं राहून गेलं.

“गादी राहू द्या,” मी म्हटलं. “मला लहान उशा हव्यात. तिला कुशीवर झोपवायचं. एक उशी दोन्ही गुडघ्यांच्या मधे, एक पोटाशी, एक पाठीमागं टेकू द्यायला. म्हणजे कमरेवरचा भार हलका होतो. बाजारात मिळतात त्या दगडासारख्या असतात. आणि गोळीच्या वेळा आता तुम्ही सांभाळायच्या.”

“ती घेईल?”

“माझ्याकडून घेतली नाही.”

त्यांनी हात धुतले, अंगावरचा कापूस झटकला आणि जिना चढायला लागले. मी मागोमाग गेले. त्यांनी डबा उघडला, गोळी काढली, पेल्यात पाणी ओतलं. मला वाटलं आता रडारड होणार. पण त्यांनी कामाचं बोलावं तसं तिला सांगितलं.

“हे बघ, मला तुझ्या मखमलवर भरवसा नाही. दुखत असताना कुणाला गादी कळते का? आधी दुखणं बसू दे. मग हात फिरव आणि काय ते खरं सांग.”

जुबेदानं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांनीच मला चुगलखोर म्हटलं. मग त्यांच्याकडं पाहत राहिली, ते पेला धरून उभेच होते. तिनं तोंड उघडलं आणि त्यांनी गोळी तिच्या जिभेवर ठेवली.

पुढचे दोन दिवस तिला मळमळलं, त्यावर औषध दिलं. मग एका दुपारी रफीकभाईंचा फोन आला, “ताई, लवकर या. उठत नाही.” इतकी वर्षं असे फोन घेतले होते, पण त्या दिवशी चप्पल पायात नीट जाईना. जाऊन बघते तर ती गाढ झोपलेली. श्वास मोजले, ठीक होते. हाक मारली तर “हं” म्हणाली आणि तोंड फिरवलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही सगळं विचारून घेतलं आणि घाबरू नका म्हणाले. कळ थांबली की पेशंट आधी मागची झोप वसूल करतो. गेले कित्येक आठवडे तिला झोप अशी लागलीच नव्हती, तिनं ते आम्हाला कळू दिलं नव्हतं इतकंच. मी हे रफीकभाईंना समजावत होते, तेवढ्यात ती घोरायला लागली.

“घोरते,” रफीकभाई म्हणाले, आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता, आणि माझाही.

ती बरी झाली नाही, आणि होणारही नव्हती. तो हिवाळा तिला मिळाला. एका सकाळी, नवऱ्यानं भरलेल्या त्या लहान उशांना टेकून, मुलीचा हात हातात घेऊन ती शांतपणे गेली. मी तिथंच होते. माझी हळहळ वेगळी आहे. आमची जीप एक होती आणि जिल्हा केवढा. कितीतरी वस्त्यांवर आम्ही पोचलोच नाही, तिथं माणसं तशीच खाटेची पट्टी आवळून गेली असतील. आता निवृत्त झाल्यावर दुपारी मोकळी बसले की ती न पाहिलेली घरं मला आठवतात.

पण जुबेदाचं आठवायचं तर मला तिचं जाणं आठवत नाही. त्या झोपेनंतरचा एक दिवस आठवतो. डोस बसला होता. मी गेले तेव्हा ती कुशीवर होती, केस विंचरलेले, गुडघ्यांच्या मधे उशी. रफीकभाई मोबाईलवरची वेळ बघत गोळी हातात घेऊन उभे होते. तिनं गोळी घेतली, पाणी प्याली. मला पुण्याच्या नातवाचं काहीतरी सांगत होती. बोलता बोलता तिचा हात चादरीवर फिरायला लागला, खांद्याखाली गेला, तिथं थांबला, परत मागं आला. तिच्या कपाळाला आठी पडली.

“अजी.”

“काय? दुखतंय?” रफीकभाई वाकले.

“दुखत नाही. इथं गुठळी आहे.”

“कुठं?”

“ही काय. आणि ही बघा, अजून एक. सुमे, घाल हात. इतके दिवस मला ह्याच्यावर झोपवत होते.”

मी हात घातला. गुठळी होती, चांगली सुपारीएवढी. मी रफीकभाईंकडं पाहिलं. ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. ते खाली जाऊन दाभण आणि दोरा घेऊन आले, खाटेशी गुडघे टेकून बसले आणि तिला न हलवता कडेची शिवण उसवून आत हात घातला.

“तिथं नाही. खाली,” जुबेदा म्हणाली. “अजून खाली. या अल्लाह! सुमे, बघ, केस पांढरे झाले, पण ह्यांना कापूस पिंजता येईना.”

“नाही येत,” रफीकभाई म्हणाले. “तू सांगत जा.”